पवनाकाठचं घर: खरेदीदाराच्या बाजूचा एजंट कुठे कामी आला, कुठे कमी पडला

हे प्रकरण मावळ तालुक्यातल्या पवना धरणाच्या काठावरचं, २०२३-२४ मधलं आहे. गाव, गट नंबर आणि माणसांची ओळख काढून टाकली आहे, रकमा गोळाबेरीज करून दिल्या आहेत. डोंगरात किंवा पाण्याकाठी घर घेणारी बहुतेक कुटुंबं जागा बघतात, भाव ठरवतात आणि मग वकिलाकडे जातात. या प्रकरणात क्रम उलटा ठेवला गेला, आणि तो उलटा ठेवायला लावणारा माणूस खरेदीदारांनी स्वतःच्या पैशाने नेमला होता.

पार्श्वभूमी

खरेदीदार पुण्यातलं दाम्पत्य, दोघंही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी जुना फ्लॅट विकला. आलेला भांडवली नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवून आयकर कायद्याच्या कलम ५४ खालची सवलत घ्यायची होती. पुण्यापासून दोन तासांच्या आत, पाणी दिसेल असं तयार घर, सगळा खर्च धरून दीड कोटींच्या आत, एवढी अपेक्षा. दोघांच्याही नावावर शेतजमीन नाही, माहेरी-सासरीही नाही. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पवना परिसरात व्यवहार कसे होतात ते आधी सांगायला हवं. गावातला एखादा माणूस मालकाला ओळखतो, तो कामशेत किंवा पवनानगरच्या एजंटला सांगतो, तो पुण्याच्या एजंटला. मालक आपला ‘नेट रेट’ सांगतो आणि त्यावर जे मिळेल ते मधल्या साखळीचं. शिवाय दोन्ही बाजूंकडून एक-दोन टक्के दलाली. म्हणजे खरेदीदाराला गाडीतून फिरवणारा, चहा पाजणारा, ‘आपल्या बाजूचा’ वाटणारा माणूस भाव चढला तरच जास्त कमावतो. तो वाईट असतो असं नाही. पण त्याला जागा नाकारायला लावण्यात काहीच फायदा नसतो.

अडचण

जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये दोघांनी चार एजंटांबरोबर नऊ जागा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी ‘पेपर क्लिअर आहेत’ हे वाक्य ऐकलं आणि एकाही ठिकाणी सातबाऱ्यापलीकडे कागद पाहायला मिळाला नाही. फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) कोणी दाखवले नाहीत, मोजणीचा नकाशा कोणाकडे नव्हता. दोन ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला गेला. तो कर आकारणीचा उतारा आहे, घरपट्टी कोण भरतो एवढंच त्यातून कळतं.

दुसरी अडचण त्यांनी स्वतःच डोक्यात घेतली होती: ३१ जुलैच्या आत खरेदीखत झालं नाही तर कर भरावा लागेल. भेटलेल्या प्रत्येक एजंटला त्यांनी ही तारीख सांगितली, आणि प्रत्येकाने ती वापरली.

एजंट नेमला तो कसा

मार्चमध्ये ओळखीतून एक एजंट भेटला, मावळात पंधरा वर्षं काम केलेला. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासला. पण नोंदणीने सगळं झाकलं जात नाही. रेरा कायदा, २०१६ मध्ये एजंटावरची बंधनं प्रामुख्याने नोंदणीकृत प्रकल्पांच्या विक्रीशी जोडलेली आहेत. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला जुना बंगला विकताना एजंटाने कसूर केली तर दाद मागायला मुख्य आधार उरतो तो लेखी कराराचा. आपल्याकडे ‘फक्त खरेदीदाराचा एजंट’ असा वेगळा कायदेशीर वर्ग नाही, तो करारानेच तयार करावा लागतो.

दोन पानी करार झाला. त्यातले मुद्दे असे:

मोबदला टक्केवारीने नाही, ठरावीक ₹१,५०,०००. त्यातले ₹४०,००० सुरुवातीला, घर घेतलं नाही तरी परत न मिळणारे. ₹६०,००० वकिलाचा मालकीहक्काचा अहवाल निर्वेध आल्यावर, साठेखताच्या वेळी. उरलेले ₹५०,००० खरेदीखतानंतर. मुदत बारा महिने, कितीही जागा नाकारल्या तरी चालू. विक्रेत्याकडून किंवा त्याच्या एजंटाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, घेतल्याचं कळलं तर सगळा मोबदला परत. वकील खरेदीदार निवडणार, एजंट नाही. आणि कुठलीही जागा सुचवताना सोबत पाच कागद द्यायचे: चालू सातबारा, गटाचे सगळे फेरफार, बिगरशेती आदेश व मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, आणि त्या गावातल्या मागच्या दोन वर्षांच्या तुलनीय व्यवहारांच्या सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, त्यात व्यवहाराची रक्कम दिसते).

सुरुवातीच्या चाळीस हजारांवर खरेदीदार अडले होते. घर मिळालं नाही तर पैसे गेले, असं त्यांचं म्हणणं. पण नीट पाहिलं तर ती ‘नको’ म्हणण्याची किंमत होती. व्यवहार झाला तरच पैसे मिळणार असतील तर एजंट कितीही सरळ असला तरी चौथ्या नकारानंतर त्याचा धीर सुटतो. शेवटी ज्या घरापर्यंत ते पोचले त्याची मागणी १.६५ कोटी होती, त्यावर दोन टक्के म्हणजे ३.३० लाख होतात. इथे त्याच्या निम्म्याहून कमी रक्कम, आणि ती भावाशी बांधलेली नाही.

समोर असलेले पर्याय

पहिली जागा फार देखणी: वीस गुंठे, तिकोन्याच्या पायथ्याला, लाल कौलांचं ‘फार्महाऊस’, ९५ लाख. जमीन शेतीची. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विक्रेत्याच्या एजंटाने दोन वाटा सुचवल्या. एक, दुसऱ्या राज्यातून शेतकरी असल्याचा दाखला ‘करून घेऊ’. दोन, एखाद्या शेतकरी मित्राच्या नावावर घ्या आणि त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्या. पहिली वाट बनावट कागदाची आणि दुसरी बेनामी व्यवहाराची. दाखला खोटा निघाला तर खरेदी बेकायदा ठरून जमीन हातची जाऊ शकते. इथे खरेदीदारांच्या एजंटाने चर्चाच केली नाही, जागा त्याच दिवशी यादीतून काढली.

दुसरी: एका मोठ्या गटातला ‘पाच गुंठ्यांचा प्लॉट’, स्वस्त. सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावं, प्रत्यक्ष वाटप नाही. कुंपण घातलेलं दाखवतात, पण कागदावर मिळतो तो अविभक्त हिस्सा. वर तुकडेबंदी कायदा, म्हणजे ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान शेतजमिनीच्या तुकड्याच्या व्यवहाराला बंदी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनेही प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे ठेवलं. पाच गुंठे त्यात बसत नव्हतेच. हीही गेली.

तिसरी जागा म्हणजे हे प्रकरण. १९९४ च्या बिगरशेती आदेशातल्या लेआउटमधला बंगला, २००८ साली बांधलेला, ‘अकरा गुंठे, तळ्याला लागून’, मागणी १.६५ कोटी. वडील २०१६ मध्ये वारलेले, आता आई आणि मुलगा विकत होते. जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात पुनर्वसनाचा किंवा वनाचा शेरा नाही. धरणाच्या आसपासच्या गावांत हे दोन शेरे आधी बघायचे असतात. धरणग्रस्तांना दिलेली जमीन असेल तर हस्तांतरणावर बंधन असतं, आणि खासगी वनांच्या १९७५ च्या कायद्याखालची नोंद असेल तर त्या जमिनीवर पैसे लावायचेच नसतात.

निर्णय एक: ३१ जुलैची घाई

एजंटाचा पहिला आग्रह घर पावसात पाहण्याचा होता. “ताई, मे महिन्यात सगळी घरं कोरडी असतात. जुलैत या, मग घर बोलतं,” असं त्याने सांगितलं. खरेदीदारांना तारखेची भीती. त्याने त्यांना कर सल्लागाराकडे पाठवलं आणि भीती दहा मिनिटांत गेली. फ्लॅट विकल्यापासून घर विकत घ्यायला दोन वर्षं मिळतात, म्हणजे इथे नोव्हेंबर २०२४ पर्यंत. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत, म्हणजे ३१ जुलै २०२३ पर्यंत, न वापरलेली रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवली की झालं. पुढे फॉर्म ‘सी’ भरून पैसे काढायचे आणि काढल्यापासून ६० दिवसांत वापरायचे.

या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा निर्णय हाच. सल्लागाराची फी अठरा हजार. घाई उरली असती तर पुढचं काहीच सापडलं नसतं.

निर्णय दोन: मोजणी भावाच्या आधी

सातबाऱ्यावर क्षेत्र ८८५ चौरस मीटर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे पावणेनऊ गुंठे. कुंपणाच्या आत मात्र अकरा भरत होते. विक्रेते खोटं बोलत नव्हते. वडील अकरा म्हणायचे म्हणून तेही अकरा म्हणत होते.

एप्रिलमध्ये आधी खासगी मोजणी केली, बावीस हजार रुपयांत. सरकारी मोजणीचा अर्ज जमीनधारकालाच करावा लागतो, त्यामुळे मुलाला समजवावं लागलं. तो म्हणाला, “पंधरा वर्षं कंपाऊंड उभं आहे, कोणी विचारलंय का?” एजंटाने त्याला सांगितलं, “दादा, उद्या दुसरा गिऱ्हाईकही मोजणी मागेल. आज केलीत तर क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) तुमच्या हातात राहील.” वडगावच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचं कमी-जास्त पत्रकही काढलं. धरणासाठी संपादन झालं तेव्हा गटातून किती क्षेत्र गेलं हे त्या कजापवर दिसतं, आणि पाण्याकाठची जागा घेताना हा कागद हमखास विसरला जातो.

जूनमधल्या सरकारी मोजणीत उत्तर मिळालं. हिरवळीच्या टोकाला, गझेबोच्या मागे, बोगनवेलीच्या बुंध्यात एक दगड अर्धा गाडलेला होता. वरच्या तोंडावर छिन्नीची फुली, भोवती वर्षानुवर्षांचा पालापाचोळा. ती संपादनाची हद्द. तिथून तळ्याच्या बाजूचं कुंपण बारा मीटर पुढे. एकोणीस मीटर रुंदी, बारा मीटर खोली: २२८ चौरस मीटर, सव्वादोन गुंठे जलसंपदा खात्याचे. ‘तळ्याला लागून’ हे शब्द ज्या पट्ट्यामुळे खरे होते तो पट्टा विकणाऱ्यांचा नव्हताच.

तीन मार्ग होते. आहे तसं घेऊन भाव पाडायचा, सोडून द्यायचं, किंवा विक्रेत्याने कुंपण मागे घेतल्यावरच पुढे जायचं. पहिल्या मार्गाची भुरळ मोठी असते. ‘ताबा तर आपलाच’, असं सगळे म्हणतात. पण सरकारी जमिनीवर ताब्याने हक्क सांगायला मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं लागतात आणि इथे पंधराच झाली होती. महसूल संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याची नोटीस आली तर ती तेव्हा ताब्यात असलेल्याला येते, म्हणजे नव्या मालकाला. तिसरा मार्ग घेतला. गझेबो उतरवला, कुंपण बारा मीटर आत आलं, आणि खर्च विक्रेत्यांनी केला.

समोरचं दृश्य तसंच राहिलं, कारण त्या पट्ट्यावर पुढे कोणी घर बांधू शकत नाही. फक्त त्याचे पैसे द्यावे लागले नाहीत.

निर्णय तीन: बहिणीची सही

वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतला. मूळ मालक ते १९९४ चा आदेश ते वडिलांचं १९९६ चं खरेदीखत, साखळी सलग होती. गाठ शेवटी होती. वडिलांनंतर वारस नोंदीत आई आणि मुलगा एवढीच नावं. मुलगी अमेरिकेत असते. तिचं हक्कसोडपत्र होतं, पण नोटरी केलेलं, नोंदणी न केलेलं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. म्हणजे तिचा एक तृतीयांश हिस्सा अजून तिचाच.

आई म्हणाली, “ती काही म्हणणार नाही हो, माझीच मुलगी आहे.” असेलही. पण वारस उद्या जावई असेल, नातवंडं असतील. एजंटाने इथे चांगलं काम केलं ते असं, की हा विषय भांडणाचा होऊ दिला नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं की तिला विक्रेती म्हणून सामील करायचं, हे कुटुंबावर सोपवलं. तिला हिस्सा हवा होता, म्हणून ती विक्रेती झाली. अमेरिकेत नोटरी आणि अपोस्टिल (परदेशी वापरासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) केलेलं कुलमुखत्यारपत्र भावाच्या नावे आलं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरला.

मग कर. निवासी विक्रेत्यांच्या हिश्श्यावर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४-आयए खाली एक टक्का कपात, फॉर्म २६क्यूबी. अनिवासी बहिणीला हे लागू नव्हतं. तिच्यासाठी कलम १९५, खरेदीदाराने टॅन (कर कापून भरणाऱ्याचा खाते क्रमांक) घ्यायचा, आणि तेव्हाच्या दराने उपकरासह २०.८ टक्के. एक तृतीयांश हिश्श्याच्या साधारण चाळीस लाखांवर ही रक्कम ८.३९ लाख होते. तिचा खरा नफा याहून बराच कमी, म्हणून तिने फॉर्म १३ भरून कमी कपातीचं प्रमाणपत्र मागितलं. ते यायला सात आठवडे लागले आणि खरेदीखत तेवढं लांबलं. खरेदीदाराने चुकून एकच टक्का कापला असता तर उरलेला कर, व्याज आणि दंड त्याच्याच गळ्यात. अनिवासी भाऊ-बहीण असलेल्या मराठी घरांत ही चूक फार होते.

निर्णय चार: तीन वेळांना तीन भेटी

करारात नव्हतं, पण एजंटाने तीन भेटी ठरवल्या. पहिली मेच्या तिसऱ्या आठवड्यात. जाहिरातीतले फोटो ऑक्टोबरचे होते, पाणी कुंपणापाशी. मेमध्ये ते दीडशे मीटर मागे हटलेलं, मधे भेगाळलेला गाळ. बोअर अर्धा तास चालवली की हवा ओढायची. दुसरी भेट शनिवारी रात्री. पवनाकाठी तंबूंची वस्ती असते हे ऐकून माहीत असतं, पण रात्री साडेअकराला स्पीकर पाण्यावरून कसा ऐकू येतो ते तिथे उभं राहूनच कळतं. खरेदीदारांनी हे मान्य करून पुढे पाऊल टाकलं, नंतर कुरकुर उरली नाही.

तिसरी भेट जुलैअखेरची. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. घाटमाथ्याच्या अलीकडे राहणारेही हादरले होते, आणि बंगल्याच्या मागे डोंगर कापलेला. खरेदीदार माघार घ्यायच्या विचारात होते. एजंटाने समजूत घालत बसण्याऐवजी माती आणि पायाचं काम कळणारा अभियंता नेला, पंधरा हजार रुपये फी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणता नकाशे त्यांच्या भूकोश संकेतस्थळावर पाहता येतात, ते पाहिले. त्यांची मापं मोठ्या परिसराची असतात, एका प्लॉटचा निकाल त्यांच्यावरून लावता येत नाही. म्हणून जागेवर उतार मोजला. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. घराची जागा त्यात येत नव्हती, मागची कड येत होती.

अभियंत्याने झाडांचे बुंधे पाहिले, खाली वाकून वर वळलेले नव्हते. वरच्या बाजूला जमिनीला ताज्या भेगा नव्हत्या. पण तीन मीटर उंचीच्या आधारभिंतीतली पाणी काढायची भोकं मातीने बुजलेली, त्यामुळे भिंतीमागे साठलेलं पाणी घराकडे ढकललं जात होतं. मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर पाठच्या प्लायवूडचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटत होते, भिंतीवर तीन फुटांपर्यंत बुरशी, आणि त्यावर मेमध्ये दिलेला ताजा रंग. शोषखड्डा पाण्याने तुडुंब, त्यामुळे संडासाचं पाणी उलटं येत होतं. डोंगर सुटण्याची लक्षणं नव्हती, पाण्याचा निचरा मात्र पूर्ण बिघडलेला होता. दुरुस्तीचा अंदाज ९.६ लाख: भिंतीमागे खडीचा थर आणि छिद्रांचा पाइप, वर पाणी अडवणारी चर, नवा शोषखड्डा उताराच्या खालच्या बाजूला.

भाव कसा ठरला

एजंटाने गावातल्या सूची क्रमांक २ वरून बिगरशेती जमिनीचा भाव काढला, गुंठ्याला सुमारे ११ लाख. पावणेनऊ गुंठ्यांचे ९६.२५ लाख. बांधकाम जागेवर १,९०० चौरस फूट, पण मंजूर नकाशात फक्त १,४२०. वरची खोली परवानगीशिवाय वाढवलेली, तिची किंमत शून्य धरली. १,४२० ला २,६०० रुपये दराने ३६.९ लाख, पंधरा वर्षांचा घसारा पंचवीस टक्के वजा करून २७.७. एकूण १२३.९५ लाख. दुरुस्ती वजा केली की सुमारे १.१४ कोटी.

हा हिशेब एका कागदावर मांडून विक्रेत्यांना दिला. तोंडी घासाघीस झाली नाही. मुलगा रागावला, दुसरं गिऱ्हाईक आणलं. त्या गिऱ्हाइकाच्या वकिलानेही बहिणीचाच मुद्दा काढला. सप्टेंबरमध्ये १.२१ कोटींवर व्यवहार ठरला. इसार दोन लाख, आणि इसार पावतीत अट: मालकीहक्कात दोष निघाला तर पंधरा दिवसांत परत.

रस्ता

दोन वर्तमानपत्रांत चौदा दिवसांची जाहीर नोटीस दिली आणि हरकत आली ती अनपेक्षित दिशेने. लेआउटपर्यंतचे शेवटचे २४० मीटर शेजारच्या गटातून जातात. १९९४ च्या नकाशात रस्ता दाखवलेला, पण त्या गटाच्या मालकाशी नोंदणीकृत दस्त कधीच झालेला नव्हता. तीस वर्षं गाड्या जात होत्या त्या केवळ शेजारधर्मावर. त्या मालकाचं म्हणणं रास्त होतं, त्याची जमीन वापरली जात होती.

मामलेदार न्यायालय कायद्याखाली वहिवाटीसाठी दावा करता आला असता, पण त्यात वेळ गेला असता आणि शेजारी कायमचा दुखावला असता. दीड लाख देऊन तीन मीटर रुंदीच्या वहिवाटीचा नोंदणीकृत दस्त केला. निम्मे विक्रेत्यांनी दिले.

निकाल

खरेदीखत जानेवारी २०२४ मध्ये नोंदवलं, नोंदणी फी कमाल मर्यादेची ₹३०,०००, मुद्रांक वेगळा. मंजूर नकाशा, क प्रत आणि रस्त्याचा दस्त खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडले. एजंट, वकील (पंचेचाळीस हजार), खासगी मोजणी, अभियंता, सल्लागार मिळून खर्च अडीच लाख. मूळ मागणीपेक्षा भाव ४४ लाखांनी कमी. मात्र हे सगळं एजंटाचं कौशल्य मानू नये. त्यातला मोठा भाग आधीपासून जमिनीत आणि भिंतीत होता, तो फक्त वेळेवर दिसला.

मार्च ते जानेवारी, दहा महिने लागले. दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये झाली आणि २०२४ च्या पावसात मागची खोली कोरडी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

रस्त्याचा प्रश्न नोटिशीतून कळला, हे एजंटाचं अपयश. जागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत प्रत्येक गट कोणाचा, हे महाभूनकाशा या राज्याच्या ऑनलाइन गट नकाशावर पहिल्याच दिवशी पाहता येतं. भाव ठरण्याआधी कळलं असतं तर पूर्ण रक्कम विक्रेत्यांकडून घेता आली असती. त्याहून मोठी चूक रुंदीची. तीन मीटर गाडीला पुरतात. दहा हजार लिटरचा टँकर वळणावर अडकतो. बोअर मेमध्ये आटते हे माहीत असूनही दस्त करताना टँकरचा विचार कोणी केला नाही. आता उन्हाळ्यात छोटे टँकर दोन-दोन फेऱ्या करतात. साडेचार मीटर मागितले असते तर तेव्हा थोडे जास्त पैसे लागले असते, आज शेजारी पुन्हा दस्त करायला तयार नाही.

अनधिकृत खोलीचा भाव शून्य धरला, पण तिचं पुढे काय हे ठरवलं नाही. पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) नियमित होण्याजोगी आहे का, याची लेखी विचारणा खरेदीखताआधी विक्रेत्याच्या नावे करायला हवी होती. नंतर तो अर्ज नव्या मालकाच्या माथी आला.

शेवटची गोष्ट खरेदीदारांना सर्वांत लागली. आधारभिंतीचं काम करणारा कंत्राटदार एजंटानेच सुचवला होता. काम चांगलं झालं. दोन महिन्यांनी कळलं की कंत्राटदाराने एजंटाला कामाच्या रकमेवर कमिशन दिलं. विचारल्यावर एजंटाने लपवलं नाही. करारात विक्रेत्याकडून पैसे घ्यायला मनाई आहे, कंत्राटदाराकडून नाही, असं तो म्हणाला. शब्दशः ते बरोबर होतं. म्हणून अशा करारात कलम या शब्दांत असावं: “या मिळकतीच्या शोध, खरेदी, दुरुस्ती, विमा किंवा देखभालीसंबंधात एजंट खरेदीदाराखेरीज कोणाकडूनही रोख, वस्तू किंवा कमिशन घेणार नाही, कोणाचं नाव सुचवताना त्याच्याशी असलेला आर्थिक संबंध आधी लेखी कळवेल, आणि ही अट खरेदीखतानंतर बारा महिने लागू राहील.” शेवटचे बारा महिने महत्त्वाचे, कारण डोंगरातल्या घराचा खरा खर्च चावी मिळाल्यावर पहिल्या पावसात सुरू होतो आणि तेव्हा नवे मालक पहिला फोन त्याच एजंटाला करतात.